गाडीची कमान आणि हमीची मुदत

इतिहास म्हटला की तह, सनदा आणि लढाया डोळ्यांपुढे आणण्याची आपल्याला सवय लागली आहे. परंतु एखाद्या शहराचा अलीकडचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने गॅरेजच्या बिलांची थप्पी चाळली, तर त्याचा वेळ फुकट जाणार नाही असे आम्हांस वाटते. माजिवड्याच्या नाक्यावरून रोज जाणाऱ्या कोणत्याही मोटारमालकाला विचारावे. गाडी घेऊन तीन-चार वर्षे होतात, पुढच्या चाकाकडून खडखड ऐकू येऊ लागते, आणि मिस्त्री सांगतो की लोअर आर्मचे बुश गेले, लिंक रॉड ढिले झाले, शॉकअब्सॉर्बरमधून तेल गळते आहे. मालक म्हणतो, "एवढ्यात?" कंपनीचा माणूस म्हणतो, "साहेब, वॉरंटी संपली." या दोन वाक्यांत जो वाद भरला आहे त्याला शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला एक अध्याय तर आपल्या कल्याणातच घडलेला आहे.

प्रथम जागेचा विचार करू. मुंबई-आग्रा रस्त्याला घोडबंदर रस्ता जेथे फुटतो त्या तिठ्यावरचे गाव म्हणजे माजिवडा. एकीकडे मुंबई, दुसरीकडे भिवंडी आणि नाशिक, तिसरीकडे घोडबंदरमार्गे गुजरात. १९८९ मध्ये न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले आणि तेथल्या पोलादी पेट्या वाहणारी अवजड वाहने या तिठ्यावरून गुजरातकडे वळू लागली. त्यांत भिवंडीच्या गोदामांनी भर घातली. उड्डाणपूल झाले, मग मेट्रोच्या कामासाठी रस्त्याच्या मधोमध पत्रे उभे राहिले. आता या वाहतुकीचा छोट्या मोटारीच्या कमानीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो मोजला गेला आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून निरनिराळ्या वजनांचे ट्रक रात्रंदिवस फिरवण्यात आले. त्यातून असे निघाले की आसावरचा भार दुप्पट झाला, तर रस्त्याची हानी दुप्पट होत नाही, सुमारे सोळापट होते. म्हणजे रस्ता फोडतो तो ट्रक. आणि फुटलेला रस्ता ज्याची हाडे खिळखिळी करतो ती मात्र शाळेतल्या मुलांना सोडायला निघालेली चारचाकी!

आपल्या जुन्या बैलगाडीला कमान नव्हती. टांग्याला ती आली, आणि पुढे मोटारीने तीच उचलली. लोखंडी पट्ट्या एकावर एक रचून केलेली ती कमान. मिस्त्री लोक त्यांना अद्याप पाटे म्हणतात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डीसोटो या अमेरिकन गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. पुढे तेथेच फियाट ११०० आली, आणि १९७४ पासून तीच प्रीमियर पद्मिनी या नावाने मुंबईची टॅक्सी म्हणून सर्वांच्या ओळखीची झाली. या फियाटला पुढे स्प्रिंगा आणि मागे पाटे. एखादा पाटा मोडला तर तेवढाच बदलत. सांध्यांना ग्रीस भरायची सोय असे, आणि ठराविक मैलांनी ग्रीस भरले नाही तर दोष कोणाचा हे मालकालाही ठाऊक असे. त्या गाड्या फार मजबूत होत्या अशी एक गोड समजूत आहे. आम्हांस ती मान्य नाही. त्या वारंवार बिघडत. इतक्या की १९६७ मध्ये केंद्र सरकारला देशी मोटारींच्या दर्जाची चौकशी करण्यासाठी एक समितीच नेमावी लागली. फरक एवढाच की बिघाड स्वस्तात, नाक्यावरच दुरुस्त होई.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाची रचना आपल्याकडे सर्वत्र झाली. स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकाच खांबात, आणि चाक वळते तेही त्याच खांबाभोवती. रचना हलकी, स्वस्त, जागा कमी व्यापणारी. परंतु खड्ड्याचा प्रत्येक दणका त्या खांबाने, त्याच्या माथ्याच्या रबराने आणि खालच्या आर्मच्या बुशांनीच सोसावयाचा. पुढे सांधे कायमचे बंद होऊन येऊ लागले. आज कित्येक गाड्यांत बॉल जॉइंट किंवा बुश सुटा विकलाच जात नाही. घ्यायचा तर आर्मसकट. चार बोटांएवढे रबर झिजते आणि बिल येते ते अख्ख्या लोखंडाचे. वादाची खरी गोम येथे आहे.

योगायोग असा की मोटार बनवणाऱ्याची जबाबदारी ठरवणारा पहिला गाजलेला खटलाही एका मॅक्फर्सनचाच, अर्थात वेगळ्या. ब्यूइक मोटारीचे लाकडी चाक मोडून तो जखमी झाला. कंपनी म्हणाली, आम्ही गाडी दुकानदाराला विकली, तुम्हांला नाही. न्यूयॉर्कच्या न्यायालयात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी १९१६ मध्ये हा बचाव फेटाळला. तेव्हापासून कारखानदार सावध झाले, आणि त्यांच्या सावधगिरीचे फळ म्हणजे छापील हमीपत्र. हमी ही उदारपणाने दिलेली देणगी आहे असे आपण मानतो. वास्तविक ती जबाबदारीला घातलेले कुंपण आहे. १९५५ मध्ये न्यू जर्सीत एका गृहस्थाने पत्नीसाठी प्लिमथ घेतली, आणि अवघ्या ४६८ मैलांवर तिचे सुकाणू निकामी होऊन गाडी भिंतीवर आदळली. हमीपत्रात लिहिले होते की ९० दिवस किंवा ४००० मैल, आणि तेही केवळ सदोष भाग बदलून देण्यापुरते. १९६० मध्ये तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कलम झुगारून दिले. कारण असे की सगळ्या कंपन्यांचे हमीपत्र एकसारखेच होते आणि गिऱ्हाइकाला घासाघीस करायला जागाच नव्हती. करारावर सह्या दोघांच्या असल्या, तरी तो लिहिणारा एकच होता.

आपल्याकडे १९३० च्या मालविक्री कायद्यातही वस्तू कामास योग्य असावी अशी गर्भित अट होती. परंतु गाडीसाठी वर्षानुवर्षे रांगेत उभा राहणारा माणूस दुकानदाराशी भांडेल कसा? गिऱ्हाईक संघटित होऊ लागले ते पुढे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, पाठोपाठ मुंबई ग्राहक पंचायत आली, आणि १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. हे हत्यार हाती आले त्यानंतर थोड्याच वर्षांत कल्याणचे प्रकरण घडले. प्रीमियरने फ्रान्सच्या पूजो कंपनीशी भागीदारी करून आपल्या कल्याणच्या कारखान्यात पूजो ३०९ ही गाडी काढली. लोकांनी हौसेने आगाऊ पैसे भरले. कारखान्यात कामगारांचे तंटे उभे राहिले, भागीदारांचे बिनसले आणि १९९७ मध्ये पूजो निघून गेली. ज्यांना गाडी मिळाली नव्हती ते आपल्या रकमांसाठी दावे लावीत बसले. ज्यांना मिळाली होती त्यांना सुट्या भागांसाठी वणवण करावी लागली. हमीपत्र हातात, आणि हमी देणाराच नाहीसा!

न्यायालयांनी पुढे जी रेषा आखली ती दोन्ही बाजूंना पूर्ण सुखावणारी नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मारुतीच्या एका खटल्यात सांगितले की सदोष भाग बदलून देणे एवढेच हमीचे बंधन आहे, त्याकरिता अख्खी गाडी बदलून मागता येणार नाही. २०२१ मध्ये गोव्याच्या एका ग्राहकाचे प्रकरण आले. त्याला २०११ मध्ये नवी म्हणून दिलेली गाडी २००९ ची निघाली होती. तेथे न्यायालयाने दुकानदाराला दोषी धरले, पण त्याच्या कृत्याचा भार कारखानदारावर टाकला नाही. याहून दूरगामी निर्णय आम्हांस भारतीय स्पर्धा आयोगाचा वाटतो. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड केला, कारण त्या सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नव्हत्या. बाहेरच्या मिस्त्रीकडे गाडी नेली एवढ्याच कारणावरून हमी सरसकट रद्द करू नये असेही आयोगाने बजावले. दंडाचा वाद पुढे अपिलांत गेला, तरी कंपनीचा भाग आणि कंपनीचेच गॅरेज या मक्तेदारीला तोवर एवढ्या स्पष्टपणे कोणी हात घातला नव्हता.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. बुश लवकर झिजले हे ठरवायचे कशावर? रबराचे आणि झिजणारे भाग हमीतून बहुधा आधीच वगळलेले असतात. १९८६ च्या कायद्यात दोषाची तपासणी प्रयोगशाळेकडून करवण्याची तरतूद होती. २०१९ च्या नव्या कायद्यातही ती आहे. पुण्यात १९६६ पासून मोटारींच्या संशोधनाची मोठी संस्था आहे. परंतु वीस-पंचवीस हजारांच्या बिलासाठी तज्ज्ञांचा अहवाल कोण आणील? येथे साधा कागदच उपयोगी पडतो. मुदत चालू असताना खडखडाटाची तक्रार सर्व्हिसच्या जॉब कार्डावर लिहून घेतली असेल, तर दोष मुदतीतलाच होता असे म्हणायला आधार मिळतो. तोंडी सांगितलेली तक्रार हवेत विरते. आणि तक्रार गुदरण्याची मर्यादा दोन वर्षांची आहे, हेही पुष्कळांना फार उशिरा कळते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. परंतु मोटार तेवढ्यात बसणे आता कठीणच.

या साऱ्या भांडणात मालक असतो, दुकानदार असतो, कारखानदार असतो. रस्ता बांधणारा मात्र कधीच पक्षकार नसतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये खड्ड्यांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला, चांगला रस्ता हा नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू आल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना त्यांच्या इजेप्रमाणे भरपाई देण्याचा आदेश दिला. ही भरपाई माणसाच्या जिवाची आणि शरीराची आहे. घोडबंदर रस्त्यावर झिजलेल्या बुशांचे आणि आर्मचे बिल अजून मालकाच्याच नावाने निघते.