पेश्तिगोची विस्मृत आग

८ ऑक्टोबर १८७१, रविवारची रात्र. त्या रात्री शिकागो पेटले, हे आपण वाचलेले असते. त्याच रात्री उत्तरेकडील विस्कॉन्सिन राज्यातील पेश्तिगो हे गाव भस्मसात झाले, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते.

पेश्तिगोचे सारे वैभव लाकडाचे होते. लाकडाची गिरणी, लाकडी भांड्यांचा कारखाना, दुकाने, घरे सारी लाकडीच; रस्त्यांवरही भुसा. त्या वर्षी पाऊस ओसरला होता. शेतीसाठी व रेल्वेमार्गासाठी जंगल साफ करताना लावलेल्या आगी धुमसत होत्या. वारा सुटला आणि सुमारे तासाभरात बाजारपेठेसह गाव राख झाले.

धर्मगुरू फादर पीटर पर्निन यांनी ख्रिस्तप्रसादाची मंजुषा गाडीवर ठेवून नदी गाठली. काठावर भयाने खिळलेल्यांना त्यांनी पाण्यात ढकलले. कित्येक तास पाण्यात राहून ते वाचले. मंजुषाही पुढे नदीतील ओंडक्यावर सुरक्षित सापडली.

शिकागोत सुमारे ३०० बळी गेले. या वणव्यात १,२०० ते २,५००. ओळख न पटलेल्या सुमारे ३५० जणांना एकाच कबरीत विसावा मिळाला. गावाची तारयंत्राची तारही जळाली होती. हाक जगापर्यंत उशिरा पोहोचली. आपल्या प्रार्थनेत तरी त्यांना उशीर होऊ नये, असे आम्हांस वाटते.