म्लादा बोलेस्लाव : एका पत्राचे गाव

चाकणच्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या हजारो माणसांपैकी संग्रामदुर्ग पाहण्यासाठी वाट वाकडी करणारा एखादाच निघतो. १६६० साली ज्या लहानशा भुईकोटाने शाएस्तेखानाच्या अफाट फौजेला जवळजवळ दोन महिने थोपवून धरले, ज्याच्या तटामागे फिरंगोजी नरसाळा झुंजला, तो कोट आज कारखान्यांच्या कीर्तीआड गेला आहे. उद्योगाने नावारूपास आलेल्या गावांचे बहुधा असेच होते. त्यांचा इतिहास त्यांच्या कीर्तीच्याच सावलीत झाकला जातो.

युरोपात याच नशिबाचे एक गाव आहे, आणि त्याचे चाकणशी नातेही आहे. ३१ मार्च २००९ रोजी चाकण येथे ज्या मोटार-कारखान्याचे उद्घाटन झाले, त्यातून प्रथम स्कोडा फाबिया ही गाडी बाहेर पडली. पवनाकाठच्या काळेवाडीपासून हा कारखाना काही फार दूर नाही; स्कोडा हे नाव तर तेथील लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु ती मोटार मूळची ज्या गावची, त्या म्लादा बोलेस्लावचे नाव फारसे कोणाच्या कानी नसते.

चेक देशात जाणारा प्रवासी प्राग शहर पाहतो, फार तर कार्लोवी वारीच्या उन्हाळ्यांवर जातो आणि परततो. प्रागच्या ईशान्येस साधारण साठ किलोमीटरांवर, यिझेरा नदीच्या काठी वसलेले म्लादा बोलेस्लाव त्याच्या वाटेत येत नाही. ‘म्लादा’ म्हणजे तरुण. जुन्या, म्हणजे ‘स्तारा’, बोलेस्लावहून वेगळे ओळखू यावे म्हणून हे विशेषण लागले. वस्तुतः हे ‘तरुण’ गावही हजार वर्षांचे आहे. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसऱ्या बोलेस्लाव राजाने येथे गढी बांधली असे मानतात. जो कोणी येथे उतरतो तो बहुधा मोटारींचे संग्रहालय पाहण्यास येतो. पण टेकडीवरच्या जुन्या वस्तीत पाऊल टाकताच कारखान्याचा विसर पडावा अशी तेथील शांतता आहे. किल्ल्यात आता त्या परगण्याचे संग्रहालय आहे. सोळाव्या शतकातील जुना नगरमंडप आहे. ज्यू लोकांची प्राचीन दफनभूमी आहे. हाब्सबुर्ग बादशहाकडून सरदारकी मिळवणारा पहिला ज्यू गृहस्थ याकोब बासेवी १६३४ साली येथेच निवर्तला.

या वस्तीतील सर्वांत बोलकी वास्तू म्हणजे बंधुसंघाचे प्रार्थनामंदिर. १४१५ साली जाळण्यात आलेल्या यान हुसच्या परंपरेतून निघालेल्या या पंथाचे म्लादा बोलेस्लाव हे एक प्रमुख केंद्र होते. १५४४ ते १५५४ या दहा वर्षांत हे मंदिर उभे राहिले. पंथाचा भर लोकभाषेवर, शिक्षणावर आणि छापखान्यावर होता. याच गावचा वैद्य आणि मुद्रक मिकुलाश क्लाउद्यान याने १५१८ साली बोहेमियाचा पहिला छापील नकाशा प्रसिद्ध केला. त्या नकाशात दक्षिण दिशा वर आहे; आजच्या वाचकाला तो उलटाच धरला आहे असे वाटते. पुढे याच पंथाने १५७९ ते १५९३ या काळात क्रालित्से येथे छापलेले सहा भागांचे चेक बायबल हे चेक गद्याचा आदर्श ठरले.

परंतु १६२० साली बिला होरा येथील लढाईत चेक सरदारांचा मोड झाला आणि हे दिवस पालटले. १६२७ च्या नव्या राजनियमाने जर्मन भाषेला चेकच्या बरोबरीचे स्थान दिले, आणि कॅथलिक नसलेल्यांपुढे धर्मांतर किंवा देशत्याग एवढाच मार्ग उरला. हळूहळू कचेरीत, विद्यापीठात आणि व्यापारात जर्मन वरचढ झाली. चेक ही शेतकऱ्याची व मोलकरणीची भाषा गणली जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकात चेक विद्वानांनी ती पुन्हा उभी केली, तरी जुनी अवहेलना पुरती सरली नव्हती.

या अवहेलनेचा अनुभव म्लादा बोलेस्लावच्या एका पुस्तकविक्रेत्यास आला. त्याचे नाव वाक्लाव क्लेमेंट. १८९४ साली त्याने आपल्या नादुरुस्त सायकलीविषयी एका जर्मन कारखान्याच्या शाखेला चेक भाषेत पत्र लिहिले. उत्तर आले ते असे, की उत्तर हवे असल्यास आम्हांस समजेल अशा भाषेत लिहावे. ज्या गावी साडेतीन शतकांपूर्वी चेक पुस्तके छापली जात, त्याच गावच्या ग्रंथविक्रेत्याला मिळालेले हे उत्तर होते! क्लेमेंटने वाद घातला नाही. वाक्लाव लाउरिन या कुशल कारागिराशी भागी करून १८९५ च्या अखेरीस त्याने स्वतःच सायकली करण्यास आरंभ केला आणि त्यांना नाव दिले ‘स्लाविया’, म्हणजे स्लाव लोकांची भूमी.

केवळ एका पत्रामुळे कारखाना उभा राहिला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. सायकलीला त्या काळी गिऱ्हाईक होते, आणि लाउरिनच्या हाती कसब होते. तथापि फारशी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश शिवाजी महाराजांनी ज्या भावनेने करविला, तिची ओळख असलेल्या मराठी माणसाला त्या नावामागचा स्वाभिमान समजावून सांगावा लागत नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात असा : १८९९ साली मोटारसायकल, १९०५ साली मोटार, १९२५ साली प्लझेनच्या स्कोडा कारखान्याशी विलीनीकरण, दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्रीयीकरण आणि १९९१ पासून फोक्सवागेन या जर्मन उद्योगाशी भागीदारी. जर्मनांच्या अवहेलनेतून निघालेला धंदा शेवटी जर्मनांच्याच हाती गेला, यात इतिहासाचा उपरोध आहे खरा. पण नाव पुसले गेले नाही. चाकण येथे तयार होऊन २०२२ साली बाजारात आलेल्या मोटारीला त्या पहिल्या सायकलीचेच नाव देण्यात आले : स्लाविया.

काळेवाडीच्या रस्त्यावरून ही गाडी जाते तेव्हा तिच्या पाठीवरचे ते नाव दिसते, आणि नजर पुढे सरकते. ते नाव वाचून जो क्षणभर थांबेल, त्याला म्लादा बोलेस्लावची टेकडी चढण्याचे निमित्त मिळेल. आणि ते दूरचे राहिले, तर निदान चाकणच्या तटापाशी दोन घटका उभे राहण्याचे तरी सुचेल.