ऑक्टोपस गार्डन

कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्यापासून दूर, डेव्हिडसन या सागरी पर्वताच्या पायथ्याजवळ सुमारे ३,२०० मी. खोलीवरील ऑक्टोपसांचे प्रजननस्थळ. २०१८ मध्ये ‘नॉटिलस’ या जहाजावरील संशोधकांना ते दूरनियंत्रित यानाच्या कॅमेऱ्यातून दिसले. मूसऑक्टोपस रोबस्टस या जातीच्या हजारो माद्या येथे खडकांच्या कपारींत अंडी चिकटवून त्यांवर भुजा गुंडाळून बसतात. दुरून त्या मोत्यांसारख्या दिसतात, म्हणून ‘मोती ऑक्टोपस’ हे नाव.

एवढी गर्दी याच जागी का, हा येथील खरा प्रश्न. सभोवतालचे पाणी जेमतेम १.६° से. असते, कपारींतून झिरपणारे पाणी मात्र सुमारे ११° से. पर्यंत ऊबदार. थंडीत भ्रूणाची वाढ अतिशय मंदावते. माँटेरे दरीत सुमारे १,४०० मी. खोलीवर दुसऱ्या एका जातीची मादी तब्बल ५३ महिने अंडी राखत बसलेली आढळली होती. त्याहून थंड असलेल्या या तळावर अंडी उबण्यास पाच ते आठ वर्षे किंवा अधिक लागावीत. प्रत्यक्षात ती दोन वर्षांच्या आत उबतात. काळ घटला की भक्षकांचा धोकाही घटतो. अंडी राखणे मात्र जिवावर बेतते: या काळात मादी बहुधा काहीच खात नाही आणि पिल्ले बाहेर पडल्यावर मरते. तिचे शरीर तेथील इतर प्राण्यांचे अन्न होते.

कोस्टारिकालगतच्या डोराडो खडकावरील ऊबदार झऱ्यांपाशीही २०२३ मध्ये ऑक्टोपसांची पिल्ले अंड्यांतून बाहेर पडताना पाहण्यात आली.