सतरा वर्षांनंतरची ध्वनिमुद्रिका

एखाद्या संशोधकाने तरुणपणी एक नवे तंत्र रुजवले, त्याच्या जोरावर दहा-बारा वर्षे एकाहून एक सरस निबंध लिहिले आणि मग तो गप्प झाला, अशी कल्पना करा. तो गप्प असताना ते तंत्र स्वस्त झाले, जगभरच्या प्रयोगशाळांत पोचले, शाळकरी मुलांच्याही हाती आले. सतरा वर्षांनी तो संशोधक नवा निबंध घेऊन परत आला, तर लोक त्याच्याकडून काय अपेक्षा करतील? आणि तो तरी नवे काय देऊ शकेल?

आज सांगायची आहे ती अशीच एक गोष्ट, पण ती संगीताच्या क्षेत्रात घडली. क्राफ्टवेर्क या जर्मन वाद्यवृंदाचा नव्या रचनांचा एक अल्बम १९८६ साली आला आणि त्यानंतरचा थेट २००३ साली. मधल्या काळात जग कोठल्या कोठे गेले होते. गोष्ट संगीताची असली तरी तिच्या मुळाशी भौतिकशास्त्र आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करू.

स्वर 'तयार' करणे

बासरी आणि हार्मोनियम यांवर एकच स्वर, सारख्याच मोठ्या आवाजात वाजवला तरी डोळे मिटून आपण दोन्ही वाद्ये ओळखतो. मूळ कंप्रता तीच असली तरी तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे उपस्वर प्रत्येक वाद्यात वेगवेगळ्या प्रमाणात मिसळलेले असतात. कोणतेही आवर्ती आंदोलन साध्या ज्या-तरंगांच्या बेरजेने मांडता येते, ही गणिती कल्पना फूरियेच्या १८२२ सालच्या ग्रंथात आहे. तो ग्रंथ मात्र ध्वनीवर नव्हता, उष्णतेच्या वहनावर होता.

ही कल्पना ध्वनीच्या बाबतीत प्रयोगाने पडताळण्याचे मोठे काम जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने केले. विद्युतचुंबकांनी सतत कंपित ठेवलेले नादकाटे आणि त्यांच्यापुढे ठेवलेले पोकळ अनुनादक अशी त्याची मांडणी होती. प्रत्येक अनुनादकाचे तोंड कमीअधिक उघडून तो उपस्वरांचे प्रमाण बदलत असे आणि त्यातून 'ओ', 'आ' यांसारखे मानवी स्वर उमटवत असे. हे सारे त्याच्या १८६३ सालच्या ग्रंथात आले आहे. ध्वनीचे पृथक्करण करता येते, तसे संश्लेषणही करता येते, हे यातून दिसून आले. 'सिंथेसायझर' या शब्दाचा अर्थही संश्लेषण करणारा असाच आहे.

निर्वात नलिकांचे युग आले आणि नादकाट्यांची जागा विद्युत आंदोलकांनी घेतली. १९५१ साली कोलोन येथील नभोवाणी केंद्रात केवळ इलेक्ट्रॉनिक ध्वनींपासून संगीत रचण्यासाठी एक कक्ष स्थापन झाला. तेथे संगीतकार फितीचे तुकडे कापून व जोडून काम करत. मिनिटभराच्या रचनेला खूप वेळ जाई. हा अडसर दूर केला तो अमेरिकन अभियंता रॉबर्ट मूग याने. १९६४ साली त्याने व्होल्टतेने नियंत्रित होणारे आंदोलक व गाळण्या यांचा संच तयार केला. व्होल्टता एका व्होल्टने वाढवली की कंप्रता दुप्पट व्हायची, म्हणजे स्वर एका सप्तकाने चढायचा. आंदोलकाने उपस्वरांनी भरलेला कच्चा ध्वनी द्यायचा, गाळणीने त्यातले नको ते उपस्वर काढून टाकायचे आणि तिसऱ्या मंडलाने आवाज किती वेगाने चढावा व विरावा ते ठरवायचे, अशी ही योजना. १९७० साली त्याची छोटी आवृत्ती 'मिनीमूग' बाजारात आली. काखोटीला मारून नेता येईल एवढी ती लहान होती.

वीजकेंद्र सुरू होते

त्याच वर्षी कोलोनपासून जवळच असलेल्या ड्युसेलडॉर्फ शहरात राल्फ ह्युटर आणि फ्लोरियान श्नायडर या दोन तरुणांनी क्राफ्टवेर्कची स्थापना केली. या शब्दाचा जर्मन भाषेतील अर्थ आहे वीजनिर्मिती केंद्र. सुरुवातीच्या मुद्रिकांत श्नायडरची बासरीही ऐकू येते. पण १९७४ च्या 'ऑटोबान' या अल्बमपासून सूर बदलला. मोटारींसाठी बांधलेल्या जर्मन महामार्गावरील प्रवासाचे हे सुमारे बावीस मिनिटांचे चित्रण तबकडीची एक पूर्ण बाजू व्यापून होते. तो अल्बम अमेरिकेतील पहिल्या पाचांत पोचला. इलेक्ट्रॉनिक संगीत प्रयोगशाळेतून बाहेर पडून रस्त्यावर आले ते असे.

पुढच्या सात वर्षांत आणखी चार अल्बम आले. १९७५ च्या 'रेडिओ-अॅक्टिव्हिटी'ची सुरुवात गायगर गणकाच्या टकटकीने होते. त्यानंतर 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस' (१९७७), 'द मॅन मशीन' (१९७८) आणि 'कॉम्प्युटर वर्ल्ड' (१९८१) हे अल्बम निघाले. घरोघरी संगणक नव्हते त्या काळात संगणकावर आणि खिशात मावणाऱ्या गणकयंत्रावर यांनी गाणी रचली. १९८१ च्या जगदौऱ्यात ते मुंबईलाही आले होते. या दौऱ्यात गणकयंत्राच्या गाण्याला चौघेही हातातली छोटी यंत्रे घेऊन मंचाच्या कडेला येत आणि प्रेक्षकांना बटणे दाबू देत. हे यंत्र तुम्हीही वाजवू शकाल, असेच जणू ते सुचवत होते.

लोकांनी ते फारच मनावर घेतले! १९८२ साली न्यूयॉर्कमध्ये आफ्रिका बंबाटा याने 'प्लॅनेट रॉक' ही मुद्रिका काढली, तिच्यातील सुरावट आणि ताल क्राफ्टवेर्कच्या रचनांवर बेतलेले होते. डेट्रॉइटमध्ये काही कृष्णवर्णी तरुणांनी त्याच वाटेने जाऊन 'टेक्नो' हा संगीतप्रकार घडवला. इंग्लंडमध्ये सिंथेसायझरवर गाणी करणारे वाद्यवृंद एकामागून एक निघाले. १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांना जोडण्यासाठी 'मिडी' ही सामाईक पद्धत ठरली आणि कोणालाही घरच्या घरी हे संगीत करता येऊ लागले.

शांततेची वर्षे

नेमके याच वेळी वीजकेंद्र मंदावले. ह्युटर आणि श्नायडर यांना सायकलीचा नाद लागला होता. १९८३ साली त्यांनी 'टूर द फ्रान्स' या प्रसिद्ध सायकल शर्यतीवर एक गाणे काढले, त्यात सायकलीची साखळी आणि धापा टाकणारा श्वास यांचे ध्वनी तालासारखे वापरले होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ह्युटरला सायकलीवरून पडून डोक्याला इजा झाली. तयार होत आलेला एक अल्बम बाजूला ठेवला गेला, पुन्हा केला गेला आणि 'इलेक्ट्रिक कॅफे' या नावाने १९८६ साली आला. त्याचे स्वागत बेताचेच झाले. वोल्फगांग फ्लूर आणि कार्ल बार्टोस हे दोन जुने सहकारी यानंतर सोडून गेले.

दरम्यान त्यांच्या 'क्लिंग क्लांग' या ध्वनिमुद्रणगृहात सारे काम अंकीय पद्धतीवर नेणे चालू होते. त्याचे फळ म्हणजे १९९१ चा 'द मिक्स' हा अल्बम, पण त्यात जुन्याच रचना नव्या रूपात होत्या. चाहते मात्र वाट पाहत राहिले. १९९९ च्या अखेरीस हॅनोव्हरच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेली एक छोटी रचना मिळाली, तीही त्यांना दुष्काळातल्या सरीसारखी वाटली.

हृदय नावाचा आंदोलक

टूर द फ्रान्स शर्यत प्रथम १९०३ साली झाली. तिच्या शताब्दीसाठी क्राफ्टवेर्कने वीस वर्षांपूर्वीच्या त्या एका गाण्याभोवती पूर्ण अल्बम रचला, 'टूर द फ्रान्स साउंडट्रॅक्स'. शर्यत २७ जुलै २००३ रोजी संपली आणि अल्बम ऑगस्टमध्ये आला. शताब्दीच्या निमित्ताने काढलेली मुद्रिका शर्यतीला चुकली! सतरा वर्षे थांबलेल्यांना या काही दिवसांचे काय वाटणार म्हणा.

या अल्बममधील रचनांची नावे पाहिली तर एखाद्या विज्ञानपुस्तकाची अनुक्रमणिका वाटावी: टायटॅनियम, जीवनसत्त्व, वायुगतिकी, विद्युत-हृदयालेख. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा तर हवेसाठी आठपट शक्ती हवी. सायकलस्वाराला हे गणित पायांनी शिकावे लागते. पण सर्वांत लक्षवेधी आहे ती हृदयालेखावरची रचना. तिच्यासाठी हृदयाच्या ठोक्यांचा आणि श्वासाचा वापर केला आहे, आणि ह्युटरच्या स्वतःच्या वैद्यकीय तपासण्यांतील नोंदींचाही उपयोग झाला आहे.

येथे विज्ञानाच्या इतिहासातील दोन गोष्टी आठवतात. डच शास्त्रज्ञ आइन्टहोवेन याने आपल्या तारेच्या गॅल्व्हानोमीटरने घेतलेल्या मानवी हृदयालेखांवरचा प्रसिद्ध निबंध १९०३ साली छापला, म्हणजे पहिल्या शर्यतीच्याच वर्षी. त्याच देशातील फान डेर पोल याने १९२८ साली एका सहकाऱ्यासह, विद्युत आंदोलकांची जोडणी करून हृदयाच्या ठोक्यांची प्रतिकृती तयार केली. नियमित ठोके आणि काही प्रकारची अनियमितताही त्या मंडलात दाखवता येत होती. म्हणजे सिंथेसायझरमधील आंदोलक आणि छातीतील हृदय यांचे नाते भौतिकशास्त्राला पूर्वीच ठाऊक होते. क्राफ्टवेर्कने १९७८ साली 'मानव-यंत्र' हा विषय बाहेरून मांडला होता, सारखे लाल सदरे घालून, यंत्रासारखे उभे राहून. २००३ मध्ये तोच विषय त्यांनी शरीराच्या आतून मांडला.

चाहत्यांचा कौल

हा अल्बम जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला. तेहतीस वर्षांच्या वाटचालीत आपल्या देशात हे स्थान त्यांना प्रथमच मिळाले. ब्रिटनमध्ये तो एकविसाव्या क्रमांकापर्यंत पोचला. पण मते एकसारखी नव्हती. काहींना त्यातली स्वच्छ, संथ, न थांबणारी लय फार आवडली. सायकलवर लांबच्या रस्त्याने निघाल्याचा भास तिच्यात आहे, असे त्यांना वाटले. इतरांचा आक्षेप असा, की यात धक्का देणारे काही नाही, असे संगीत आता कितीतरी जण करतात.

माझा स्वतःचा अनुभवही सांगतो. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मीही दुसऱ्या गटातला होतो. "यात विशेष ते काय?" असे वाटून मी ते बंद केले. पुढे एकदा आमच्या विषयातला एक जुना, गाजलेला निबंध मूळ स्वरूपात वाचताना नेमके हेच वाक्य मनात आले आणि मी चपापलो. निबंधात विशेष काही दिसत नव्हते, कारण त्यातले सगळे मला पाठ्यपुस्तकातून आधीच मिळाले होते. शोध पूर्णपणे यशस्वी झाला की तो दिसेनासा होतो. जी गोष्ट सगळ्यांची झाली ती कोणाची होती, हे कळत नाही. 'असे तर सगळेच करतात' हा आक्षेप क्राफ्टवेर्कच्या बाबतीत खरा होता, आणि तीच त्यांच्या कामाची पावतीही होती.

तरीही आक्षेप घेणाऱ्यांना अगदी चूक म्हणवत नाही. वाट काढणाऱ्याने परत येऊन नवी वाट दाखवावी, अशी आशा करणे गैर नाही. या अल्बमने नवे वाद्य दिले नाही, नवा संगीतप्रकार दिला नाही. दिली ती एक वेगळी दिशा: यंत्राची नवलाई संपल्यावर यंत्राने काय ऐकायचे? त्यांचे उत्तर होते, माणसाचा श्वास आणि ठोका. मी पुन्हा ऐकले तेव्हा ते उत्तर मला पटले.

श्नायडर २००८ साली वाद्यवृंदातून बाहेर पडला आणि २०२० साली त्याचे निधन झाले. २००३ नंतरच्या दोन दशकांत त्यांचा नव्या रचनांचा अल्बम आलेला नाही. २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांनी आठ रात्री आठ अल्बम सादर केले. 'ऑटोबान'ने सुरू झालेली ही मालिका 'टूर द फ्रान्स'ने संपली. त्याच वर्षाच्या शेवटी लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयातील अशाच मालिकेची तिकिटे विक्रीला आली, तेव्हा गर्दीमुळे संग्रहालयाची तिकीटयंत्रणा कोलमडली. १ जुलै २०१७ रोजी टूर द फ्रान्स शर्यत ड्युसेलडॉर्फहून सुटली आणि त्या दिवशी सत्तर वर्षांच्या ह्युटरने आपल्याच गावात कार्यक्रम केला. या वेळी मात्र शर्यत आणि संगीत यांची गाठ वेळेवर पडली.

ध्वनीचा पाठ शिकवताना शिक्षकांनी एक प्रयोग करून पाहावा. 'ऑटोबान'ची पहिली काही मिनिटे मुलांना ऐकवावी आणि ही रचना कोणत्या वर्षीची असेल ते लिहायला सांगावे. मग खरे वर्ष फळ्यावर लिहावे. "सर, यात विशेष काय आहे?" असे कोणी विचारलेच, तर त्याला रागावू नये. पुढचा पाठ त्याच प्रश्नापासून सुरू करता येईल.