रक्त कोणाचे? अस्थिमज्जा-रोपणोत्तर परीक्षेचा इतिहास

अस्थिमज्जेचे रोपण रुजले असे केव्हा म्हणावयाचे? रक्तपेशींची संख्या वाढली, एवढ्याने ते सिद्ध होत नाही. त्या पेशी दात्याच्या की रुग्णाच्या, हे ठरवावे लागते. १९५६ मध्ये इंग्लंडात फोर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांत एका विशिष्ट गुणसूत्राच्या खुणेवरून दात्याच्या पेशी ओळखल्या. अशा मिश्र देहास ग्रीक पुराणातील संमिश्र प्राण्यावरून ‘कायमेरा’ म्हणतात.

१९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी हा उपचार यशस्वी केला. त्या काळी परीक्षेची भिस्त मुख्यत्वे रक्तगटावर व लिंगगुणसूत्रांवर होती. दाता भाऊ आणि रुग्ण बहीण असल्यास ‘वाय’ गुणसूत्र साक्ष देई. परंतु दोघी बहिणी एकाच रक्तगटाच्या असल्यास ह्या दोन्ही खुणा मुक्या राहत. पुढे डीएनएतील लघु पुनरावृत्त खंडांच्या लांबीवरून दोहोंच्या पेशींचे प्रमाण शेकडेवारीत मांडता येऊ लागले. दात्याचा वाटा घटू लागला, तर रोग उलटण्याची वा रोपण निष्फळ होण्याची सूचना मिळते, आणि दात्याच्या लसीकापेशी वेळीच देण्याचा विचार करता येतो. एकरूप जुळ्यांत मात्र हीही परीक्षा निरुपयोगी ठरते. भाषेप्रमाणेच येथेही, जेथे भेद नाही तेथे खूण नाही.