कंबर कसावी केव्हा?

‘कंबर कसणे’ हा वाक्प्रचार मुलांना शिकवताना आपण त्याचा अर्थ ‘जोमाने कामाला लागणे’ असा सांगतो आणि पुढे जातो. पण या शब्दांमागे एक प्रत्यक्ष कृती आहे. बाजारात पोती वाहणारे हमाल कमरेला पंचा घट्ट गुंडाळतात. ओझे उचलण्यापूर्वी बायका पदर आवळून कमरेला खोचतात. यात कपडा कामात आड येऊ नये हा हेतू असतोच. पण ‘कंबर बांधली की बळ येते’ असा अनुभवही लोक सांगत आले आहेत.

आता हाच प्रश्न व्यायामशाळेच्या वाटेने शाळेत आला आहे. नववी-दहावीची मुले वजने उचलू लागतात, शेजारचा तरुण कमरेला रुंद चामडी पट्टा लावून व्यायाम करताना पाहतात आणि विचारतात, “सर, पट्टा केव्हापासून लावायचा?” बहुतेकांना उत्तर म्हणून एखादा आकडा हवा असतो : इतक्या वयाला, किंवा इतक्या किलोंना. असा आकडा देता येत नाही. तो का देता येत नाही, हे समजण्यासाठी पट्टा नेमके काय करतो ते पाहावे लागेल. त्याचा शोध शास्त्रज्ञ विसाव्या शतकभर घेत होते. त्यात एक देखणा सिद्धांत मांडला गेला, तो मोजमापात टिकला नाही, आणि तरीही पट्ट्याचा उपयोग मात्र खरा ठरला. विज्ञान कसे पुढे सरकते याचे हे चांगले उदाहरण आहे.

तरफेचे कोडे

सुरुवात तरफेच्या नियमापासून करू. पाण्याने भरलेली 15 किलोची बादली आपण वाकून उचलतो, तेव्हा कमरेचा मणका टेकूचे काम करतो. समजा, बादली टेकूपासून 40 सेंमी. पुढे आहे. तिला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र टेकूच्या मागे जेमतेम 5 सेंमी. अंतरावर आहेत. भाराचा बाहू बलाच्या बाहूच्या आठपट असल्याने स्नायूंना 15 × 8 म्हणजे 120 किलोइतका जोर लावावा लागतो. आपल्या धडाचे वजन आपण अजून धरलेलेच नाही. हा सगळा जोर मणक्यांना एकमेकांवर दाबतो.

बादलीच्या जागी 100 किलोचे वजन ठेवले तर? कागदावरचा हिशेब असा येतो की कमरेचे मणके आणि त्यांमधल्या चकत्या हा भार सोसू शकणार नाहीत. प्रत्यक्षात माणसे असे वजन उचलून हसत घरी जातात. मग हिशेबात काहीतरी राहून गेले असले पाहिजे.

1923 साली ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ आर्थर कीथ यांनी माणसाच्या उभ्या ठेवणीवर व्याख्याने दिली. ‘पोटातला दाब कण्याला आधार देत असावा’ ही कल्पना त्यांच्यापर्यंत मागे नेता येते. जड वस्तू उचलताना आपण नकळत श्वास रोखतो आणि पोट ताठ करतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. नाक-तोंड बंद ठेवून जोर करण्याच्या या क्रियेला वैद्यकात वालसाल्व्हा यांचे नाव आहे. आंतोनिओ मारिया वालसाल्व्हा हे इटलीतील बोलोन्याचे वैद्य. 1704 साली कानावरच्या ग्रंथात त्यांनी ही क्रिया वर्णिली, ती मधल्या कानातील घाण बाहेर काढण्यासाठी! पाठीशी तिचा संबंध पुढे दोन शतकांनी जोडला गेला.

पोटातला फुगा

1957 साली डी. एल. बार्टेलिंक यांनी ही कल्पना मोजून पाहिली. वजन उचलणाऱ्यांच्या जठरात रबरी फुगा सोडून त्यांनी आतला दाब नोंदवला. वजन जितके जास्त, तितका दाब जास्त, असे आढळले. त्यांचा तर्क सरळ होता. छाती आणि पोट यांमधला श्वासपटल हा स्नायूचा पडदा म्हणजे वरचे झाकण, ओटीपोट म्हणजे तळ आणि मध्ये दाबाखालचे पोट. हवा भरलेला फुगा जसा वरचा भार पेलतो, तसे हे पोट धडाचा काही भार परस्पर पेलते आणि कण्यावरचे ओझे कमी होते.

1961 साली अमेरिकेत मॉरिस, ल्युकास आणि ब्रेस्लर यांनी यावर हिशेब मांडला. धडातील दाब जमेस धरला तर कण्याच्या तळाशी पडणारा भार सुमारे 30 टक्क्यांनी आणि छातीच्या खालच्या भागातला सुमारे 50 टक्क्यांनी कमी होतो, असे त्यांचे उत्तर होते. कोडे सुटले असे वाटले. पट्ट्याचे समर्थनही आपोआप मिळाले. पट्टा पोटाला बाहेरून आवळतो, त्यामुळे दाब वाढतो, म्हणून कण्यावरचा भार घटतो. ही साखळी पुढे अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिली.

चकतीत सुई

मात्र कण्यावरचा दाब कमी होतो, हे अद्याप कोणी प्रत्यक्ष पाहिले नव्हते. तो हिशेबातून निघालेला निष्कर्ष होता. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाखेमसन यांनी दाबमापक जोडलेली सुई जिवंत माणसाच्या कमरेच्या चकतीत घालून आतला दाब मोजण्याची पद्धत विकसित केली. 1964 सालच्या या कामात त्यांचे सहकारी होते तेच मॉरिस. पुढे 1986 साली नाखेमसन, अँडरसन आणि शुल्ट्झ यांनी थेट प्रश्न विचारला : श्वास रोखून पोटातला दाब वाढवला, तर चकतीतला दाब कमी होतो का? उत्तर अनपेक्षित आले. त्यांनी तपासलेल्या बहुतेक कामांत चकतीवरचा दाब कमी होण्याऐवजी वाढला.

असे का व्हावे? कारण पोटातला दाब फुकट मिळत नाही. तो निर्माण करण्यासाठी पोटाचे स्नायू आवळावे लागतात. हे स्नायू बरगड्यांना ओटीपोटाकडे ओढतात, म्हणजे कण्याला आणखी दाबतात. फुग्याने जे दिले, ते फुगा आवळणाऱ्या स्नायूंनी काढून घेतले.

फुग्याचे देणे किती, हे दहावीचा विद्यार्थीही काढू शकेल. 1990 साली कॅनडात स्टुअर्ट मॅकगिल आणि सहकाऱ्यांनी वजन उचलताना पोटातला दाब मोजला. पट्ट्याशिवाय तो सरासरी 99 मि.मी. पारा होता, पट्टा लावल्यावर 120 झाला. फरक 21 मि.मी. पारा, म्हणजे सुमारे 2800 पास्कल. श्वासपटलाचे क्षेत्रफळ अंदाजे 250 चौ. सेंमी., म्हणजे 0.025 चौ. मीटर धरू. बल = दाब × क्षेत्रफळ, म्हणून 2800 × 0.025 = 70 न्यूटन. म्हणजे पट्ट्यामुळे वरच्या दिशेने मिळालेला जादा आधार अवघा 7 किलोंच्या आसपास!

आता दुसरा आकडा पाहा. 1991 साली चोलेविकी, मॅकगिल आणि नॉर्मन यांनी राष्ट्रीय स्पर्धेत वजन उचलणाऱ्यांच्या हालचालींवरून कमरेच्या मणक्यावरचा भार काढला. जमिनीवरून वजन उचलण्याच्या डेडलिफ्ट प्रकारात तो 17,192 न्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे 1750 किलोंपर्यंत गेला होता. त्यापुढे 70 न्यूटन किती? पट्टा भार उचलत नाही, हे येथे स्पष्ट होते.

मग उपयोग कशाचा?

तरीही पट्ट्याचा फायदा होतो, हे नाकारता येत नव्हते. 1989 साली हार्मन आणि सहकाऱ्यांनी नऊ जणांना त्यांच्या कमाल क्षमतेच्या 90 टक्के वजन पट्ट्यासह आणि पट्ट्याविना उचलायला लावले. पट्ट्यामुळे पोटातला दाब लवकर चढला आणि अधिक चढला. 2001 साली झिंक आणि सहकाऱ्यांनी खांद्यावर 90 टक्के वजन घेऊन मारलेल्या बैठका तपासल्या. पट्ट्यामुळे स्नायूंच्या विद्युतक्रियेत लक्षणीय फरक दिसला नाही. वजन मात्र अधिक वेगाने वर गेले.

याची उकल करण्यास 1999 सालच्या चोलेविकी आणि सहकाऱ्यांच्या संशोधनाची मदत होते. पोटातल्या दाबाचे महत्त्व भार पेलण्यापेक्षा कणा स्थिर ठेवण्यात आहे. सोडावॉटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या. झाकण बंद असताना ती दाबली तर वाकत नाही. झाकण उघडले की तीच बाटली हातात चुरगळते. प्लॅस्टिक तेच, फरक आतल्या दाबाचा. कणा हा एकावर एक रचलेल्या ठोकळ्यांसारखा आहे. भाराखाली एखादा मणका किंचित सरकला तरी इजा होऊ शकते. ताठ पोट त्याला चहूबाजूंनी जागच्या जागी धरून ठेवते. पट्टा पोटाच्या स्नायूंना ढकलण्यासाठी एक भिंत देतो. पण ढकलायचे काम स्नायूंनाच करावे लागते. ज्याला पोट ताठ करता येत नाही, त्याच्यासाठी पट्टा म्हणजे नुसते चामडे.

सर्वच साधने अशी नसतात. गुडघ्याला गुंडाळायच्या लवचिक पट्ट्या खाली बसताना ताणल्या जातात आणि उठताना स्प्रिंगप्रमाणे ऊर्जा परत देतात. 1990 साली हार्मन आणि फ्रिकमन यांनी ही मदत सरासरी 110 न्यूटन, म्हणजे सुमारे 11 किलो मोजली. हे उसने बळ होय. पॉवरलिफ्टिंगमध्ये अशा साधनांचा आणि ताठ पोशाखांचा प्रभाव इतका वाढला, की 1972 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2013 पासून त्यांच्याविना होणाऱ्या जागतिक स्पर्धा वेगळ्या सुरू केल्या. त्या स्पर्धांतही कमरेचा पट्टा चालतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

खोटा धीर

पट्टा खेळापुरता राहिला नाही. पाश्चात्त्य देशांत गोदामे व दुकानांतील कामगारांनाही तो देण्यात येऊ लागला. 1994 साली अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने पुरावा तपासून, निरोगी कामगारांना इजा टाळण्यासाठी पट्ट्याची शिफारस करता येत नाही, असे सांगितले. 2000 साली 160 दुकानांतील 9,377 कामगारांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पट्टा नियमित वापरणाऱ्यांत पाठदुखी किंवा इजा कमी आढळली नाही.

एवढेच नव्हे, पट्टा माणसाचा अंदाजही बदलतो. 1988 सालच्या एका प्रयोगात पट्टा बांधलेले महाविद्यालयीन तरुण सुमारे 19 टक्के अधिक वजन उचलण्यास आपणहून तयार झाले. 1992 साली विमानतळावरच्या 642 हमालांच्या अभ्यासात, काही काळ पट्टा वापरून सोडून दिलेल्यांत इजेचा धोका वाढलेला दिसला. आधीच ओझे उचलणाऱ्या रक्तदाबाचाही विचार हवा. 1985 साली मॅक्डूगल यांनी अनुभवी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून मोजलेला दाब पायांनी वजन ढकलताना सरासरी 320/250 मि.मी. पारा इतका होता. पट्ट्याने व्यायामातील रक्तदाब आणखी वाढतो, असे 1989 साली दिसून आले. रक्तदाबाचा वा हृदयाचा विकार असलेल्यांनी वैद्याला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

तर मग उत्तर काय?

विद्यार्थ्याने विचारले तर आपण त्याला उलट तीन प्रश्न विचारावेत. पहिला : पट्ट्याविना, कणा सरळ राखून आणि पोट ताठ करून वजन उचलण्याची रीत तुला पक्की जमली आहे का? पट्टा ती शिकवत नाही, शिकलेल्याला साथ देतो. दुसरा : तू उचलतोस ते वजन खरोखर तुझ्या क्षमतेच्या टोकाशी आहे का? ज्या प्रयोगांत फायदा दिसला, ते 90 टक्क्यांसारख्या भारांवरचे आहेत. अनेक भारोत्तोलकही हलक्या स्नॅचला पट्टा न लावता जड क्लीन अँड जर्कला लावतात. तिसरा : पाठ दुखते म्हणून तर तू पट्टा मागत नाहीस ना? तसे असेल तर वजन खाली ठेवून डॉक्टरांकडे जायला हवे.

शिकणाऱ्या शाळकरी मुलाची तीनपैकी एकही पायरी बहुधा पुरी झालेली नसते. त्याला पट्ट्याची गरज नाही; गरज आहे ती वेळेची. 1987 साली स्वीडनच्या ग्रानहेड आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की भारोत्तोलकाने वर्षभरात उचललेले एकूण वजन जितके अधिक, तितके त्याच्या मणक्यांतील खनिजांचे प्रमाण अधिक. हाडे भारानुसार घट्ट होतात, पण सावकाश. ते काम बाजारातून आणलेल्या वस्तूने होत नाही.

वर्गात एक साधा प्रयोग करता येईल. मुलाने कमरेला पंचा बेताचा घट्ट गुंडाळावा. प्रथम पोट आत ओढून पाहावे : पंचा सैल पडतो. मग बेताचा श्वास घेऊन, तो न रोखता, खोकण्यापूर्वी करतो तसे पोट चोहोबाजूंनी ताठ करावे : पंचा आवळला जातो. आता पंचा सोडून तीच क्रिया पुन्हा करावी. पंचा नसतानाही पोट तितकेच ताठ होऊ शकते, हे मुलाला स्वतःच्या हाताने चाचपून कळेल. हे ज्याला रोज, प्रत्येक वजनाला जमू लागेल, त्याने पट्ट्याचा विचार करायला हरकत नाही.