समृद्धीवर टायर फुटला तर? निघण्याआधी काय बघायचे, फुटल्यावर काय करायचे

गाडी १२० च्या वेगात आहे. रस्ता सरळ, समोर फारशी वाहने नाहीत. मागच्या सीटवर लेकरं झोपलेली. अचानक मोठा आवाज होतो, स्टिअरिंग हाताला हिसका देते आणि गाडी एका बाजूला खेचू लागते. टायर फुटलेला असतो. अशा वेळी बहुतेकांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि खरा धोका तिथेच सुरू होतो.

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा या तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, तर इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. त्यामुळे एरवी गाव ते तालुका अशी ४०-५० च्या वेगाने चालणारी गाडी आता लग्नाला, दवाखान्याला किंवा पोराला कॉलेजात सोडायला थेट १२० च्या वेगाने चार-पाच तास पळते. गाडी तीच, टायरही तेच, पण काम पूर्ण बदलले आहे. म्हणून ही माहिती वाहनमालकांनी वाचून ठेवावी आणि गाडी दुसरा कोणी चालवत असेल तर त्यालाही सांगावी.

टायर फुटतो कशामुळे?

"सिमेंटचा रस्ता तापतो अन् टायर फुटतो," असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. रस्ता तापतो हे खरे. पण टायर मुख्यतः आतून तापतो. चाक फिरताना जमिनीला टेकलेला टायरचा भाग दर फेऱ्याला दबतो आणि पुन्हा सरळ होतो. हवा कमी असेल तर तो जास्त दबतो आणि जास्त तापतो. वेग वाढला की हेच सेकंदाला अनेकदा होते. या उष्णतेने रबर आणि आतल्या तारांचे थर एकमेकांपासून सुटायला लागतात. बाहेरून काहीच दिसत नाही. मग एका क्षणी टायर फाटतो.

म्हणजे बहुतेक वेळा महामार्गावर फुटणारा टायर आधीच दुखावलेला असतो. त्याची कारणे साधारण अशी:

- हवा कमी असणे. शेतरस्त्याला किंवा खड्ड्यांत गाडी मऊ चालावी म्हणून अनेक जण हवा कमी ठेवतात आणि तशीच गाडी महामार्गावर घालतात.
- जास्त वजन. पाच जणांच्या गाडीत आठ माणसे आणि वर कॅरिअरवर सामान.
- जुना झालेला किंवा गोटा झालेला टायर.
- खड्ड्यात आदळून टायरच्या बाजूला आलेला फुगा किंवा चीर.
- रिमोल्ड केलेले किंवा जुन्या बाजारातून घेतलेले टायर. त्यांनी आधी काय सोसले आहे ते कळायला मार्ग नसतो.

"उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी" हे चूक

ऊन वाढले की हवा वाढून टायर फुटेल, म्हणून दोन-चार पॉइंट कमीच ठेवा, असा सल्ला हवा भरणाऱ्याकडेही मिळतो. गाडी चालताना हवेचा दाब वाढतो हे बरोबर आहे. टायरचे तापमान दर ५-६ अंशांनी वाढले की दाब साधारण १ पीएसआय वाढतो. पण टायर बनवतानाच ही वाढ धरलेली असते. हवा मुद्दाम कमी ठेवली तर टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. म्हणजे ज्याची भीती, तेच घडते.

गाडीला किती हवा लागते हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेले असते. गाडी भरलेली असताना किती, हा आकडा तिथे वेगळा दिलेला असतो. तो आकडा थंड टायरचा आहे. म्हणून हवा सकाळी, गाडी फारशी न चालवता, जवळच्या दुकानात बघून घ्यावी. पन्नास किलोमीटर चालून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नये. टायर थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेचा निघतो.

नायट्रोजन भरला म्हणजे टायर फुटत नाही, हाही गैरसमज आहे. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजनने दाब थोडा जास्त दिवस टिकतो, एवढाच काय तो फायदा. हवा तपासणे कोणालाच सुटत नाही.

गाडी कमी चालली म्हणजे टायर नवा नाही

गावाकडच्या गाड्यांची ही मोठी अडचण आहे. गाडी वर्षभर अंगणात उभी. आठवड्याला बाजार, महिन्याला एखादे लग्न. टायरची नक्षी चांगली खोल दिसते. मग "काहून बदलायचे? टायर तर नवेच दिसतात," असे म्हटले जाते. पण रबर वापरले नाही तरी वयाने कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. ऊन-पावसात उभ्या गाडीचे टायर तर लवकरच खराब होतात.

टायरचे वय टायरवरच छापलेले असते. बाजूला इंग्रजीत डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ बघा. तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. टायर पाच-सहा वर्षांचा झाला की दरवर्षी जाणकाराला दाखवावा. दहा वर्षांचा टायर कितीही चांगला दिसला तरी काढून टाकावा. स्टेपनीलाही हेच लागू आहे.

नक्षी किती उरली ते बघायलाही सोपी खूण आहे. टायरच्या कडेला लहान त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरे असतात. त्या रेषेत नक्षीच्या खाचेत छोटा उंचवटा असतो. झिजलेली नक्षी त्या उंचवट्याला येऊन टेकली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. कारसाठी त्याखालचा टायर नियमात बसत नाही.

टायरच्या मापापुढचा आकडा आणि अक्षरही महत्त्वाचे आहे. समजा १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिले आहे. यात ८८ म्हणजे तो टायर ५६० किलो वजन पेलतो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी तो बनलेला आहे. टायर बदलताना स्वस्त पडतो म्हणून कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी क्षमतेचा टायर घेऊ नये. दोनच नवे टायर टाकायचे असतील तर ते मागच्या चाकांना टाकावेत. मागची पकड सुटली तर गाडी गोल फिरते आणि सावरणे फार अवघड जाते.

टायर फुटला, आता काय?

१२० च्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे ३३ मीटर जाते. विचार करायला वेळ नसतो. म्हणून हा क्रम आधीच डोक्यात पक्का असावा.

१. ब्रेक दाबू नका. फुटलेले चाक आधीच एका बाजूने गाडीला अडवत असते. त्यात जोरात ब्रेक लागला तर गाडी फिरते किंवा उलटते.

२. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा. पुढचा डावा टायर फुटला तर गाडी डावीकडे खेचते, उजवा फुटला तर उजवीकडे. मागचा फुटला तर गाडीची शेपटी हलल्यासारखी वाटते. तिन्ही वेळा काम एकच: गाडी आपल्या लेनमध्ये सरळ ठेवणे. झटका देऊन स्टिअरिंग उलट दिशेला फिरवू नका, लागेल तेवढेच हळूहळू वळवा.

३. ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलू नका. गाडी सरळ झाली, हातात आली असे वाटले की पाय हळूहळू काढा. वेग आपोआप उतरू द्या. घाईने खालचा गिअर टाकू नका आणि गाडी बंदही करू नका. इंजिन बंद झाले की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात.

४. वेग ४०-५० च्या खाली आल्यावर आरशात मागे बघून, डावा इंडिकेटर देऊन कडेला या. ब्रेक आता अगदी हलका लावा. रिम खराब होईल या भीतीने मधल्या लेनमध्ये थांबू नका. रिम नवी मिळते.

थांबल्यावरची चूक जास्त महाग पडते

टायर फुटून गाडी सावरली, पण नंतर कडेला उभे असताना मागून वाहनाने उडवले, अशा बातम्या आपण वाचतो. म्हणून पुढची काळजी तेवढीच महत्त्वाची.

- चारही इंडिकेटर चालू करा. रात्री पार्किंग लाइटही चालू ठेवा.
- सगळ्यांनी डाव्या दाराने उतरून लोखंडी कठड्याच्या पलीकडे, गाडीपासून दूर उभे राहावे. गाडीत बसून राहू नये, गाडीच्या मागे तर अजिबात उभे राहू नये.
- लाल चकाकणारा त्रिकोण गाडीच्या मागे शक्य तेवढ्या लांब, १०० मीटरच्या आसपास ठेवा. ठेवायला जाताना कठड्याच्या बाजूने चाला. दगड ठेवू नका. ठेवलाच तर निघताना उचला, नाहीतर पुढच्या गाडीचा घात होतो.
- उजव्या बाजूचा टायर फुटला असेल तर वाहत्या रस्त्याकडे पाठ करून स्वतः चाक बदलायला बसू नका. मदत येऊ द्या.
- पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. समृद्धी हा राज्य रस्ते विकास महामंडळाचा रस्ता आहे. १०३३ ही राष्ट्रीय महामार्गांची मदतसेवा आहे, इथे तिच्यावर विसंबू नका. महामार्गाच्या मदत क्रमांकाचे फलक रस्त्यावर आहेत, चढतानाच तो मोबाइलमध्ये घेऊन ठेवा. जागा सांगताना कडेच्या किलोमीटर पाटीवरचा आकडा आणि आपण नागपूरकडे चाललोय की मुंबईकडे, हे दोन्ही सांगा.
- अनेक नव्या गाड्यांची स्टेपनी बारीक असते. तिच्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली असते, बहुधा ताशी ८० किलोमीटर. ती लावून पुन्हा १२० ने निघू नये.

"टायर फुटला, माझा काय दोष?"

कायद्याच्या दृष्टीनेही हे उत्तर चालत नाही. २०१० साली मागचा टायर फुटून कार दरीत कोसळली आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. हा देवाचा कोप आहे, भरपाई देणे लागत नाही, असे विमा कंपनीचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ते फेटाळले. टायर फुटणे हा निसर्गाचा प्रकोप नसून माणसाचा निष्काळजीपणा आहे, टायरची स्थिती बघूनच प्रवासाला निघायला हवे, असे न्यायालयाने सांगितले आणि सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई कायम ठेवली.

दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुटा शिवारात खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले. टायर फुटल्याचे चालकाने सुरुवातीला सांगितले होते. परिवहन विभागाच्या अहवालात मात्र टायर फुटल्याच्या खुणा आढळल्या नाहीत असे नमूद झाले. डुलकी, वेग आणि थकवा यांचे खापरही अनेकदा टायरवर फुटते. म्हणून टायर तपासावा तसे झोपही पुरी करावी आणि दर दोन तासांनी थांबावे. थांबल्यावर टायरला हात लावून बघा. एखादा टायर बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर हवा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

निघण्याआधीची दहा मिनिटे

१. चारही टायर आणि स्टेपनीची हवा, टायर थंड असताना.
२. टायरच्या बाजूला फुगा, चीर, भेगा. गाडी थोडी पुढे घेऊन आतली बाजूही बघा.
३. नक्षी आणि चार आकड्यांचे वय.
४. बाजूच्या भागात पंक्चर काढलेला टायर असेल तर तो महामार्गावर नेऊ नका. बाजूचे पंक्चर टिकत नाही.
५. जॅक, व्हील पाना, त्रिकोण आणि बॅटरी गाडीत आहे का.
६. मागे बसणाऱ्यांसह सगळ्यांना सीट बेल्ट.

आणि टायर जुने आहेत, बदलायला सध्या पैसे नाहीत, पण जाणे भाग आहे, असे असेल तर? एसटीने जा. गाडी घेऊन जायचेच असेल तर जुन्या रस्त्याने, ५०-६० च्या वेगाने जा. वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते. दोन तास उशिरा पोहोचले तरी घरच्यांना चालते.